बाळाचा शोभिवंत जन्मदाखला: अमेरिकेत नव्याने आईबाबा झालेल्यांसाठी

पाचवीच्या रात्री आपण पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतो. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी जे लिहायचं ते लिहून जाते, असं आजी सांगायची. माझ्या भाचीला ऑस्टिनमध्ये मुलगी झाली, तेव्हा आम्ही तिच्या अपार्टमेंटमध्ये पाट मांडला. प्रिंटरमधला एक कोरा कागद घेतला आणि दौत-टाकाऐवजी बॉलपेन ठेवलं. शेजारीच हॉस्पिटलने दिलेली फाइल पडली होती. तिच्यात एक सुंदर जाड कागद होता. वर सोनेरी किनार, मध्ये बाळाचं नाव आणि खाली इवल्याशा पावलांचे शाईचे ठसे. भाची म्हणाली, "मावशी, दाखला तर मिळालासुद्धा! आता पासपोर्टचं काम होईल ना?"

तो दाखला नव्हता. ती हॉस्पिटलने दिलेली आठवण होती. गेली बरीच वर्षं टेक्सासमध्ये राहून ओळखीच्या कितीतरी घरांत हाच गोंधळ पाहिला आहे. म्हणून इथल्या सरकारी शोभिवंत जन्मदाखल्याबद्दल सविस्तर लिहिते आहे. बऱ्याच जणांना तो मिळतो हेच ठाऊक नसतं. ज्यांना ठाऊक असतं ते पुष्कळदा चुकीच्या क्रमाने मागवतात. आणि त्याचे पैसे कुठे जातात हे तर फारच थोड्यांना माहीत असतं. मला मात्र तोच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

तीन कागद, तीन कामं

पहिला कागद पावलांच्या ठशांचा. तो हॉस्पिटल देतं. त्याला कायद्याने काही किंमत नाही, तो अल्बममध्ये लावा.

दुसरा म्हणजे खरा जन्मदाखला, प्रमाणित प्रत. हॉस्पिटल जन्माची माहिती राज्याकडे पाठवतं, तिथे नोंद होते आणि त्या नोंदीची प्रत आपण पैसे भरून मागवतो. दिसायला अगदी साधा, नक्षीच्या सुरक्षा-कागदावर छापलेला, निबंधकाची सही आणि मुद्रा असलेला. पासपोर्ट, शाळा, ओसीआय (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्यांना भारत सरकार देतं ते कार्ड), सगळं यावर होतं.

तिसरा कागद हा या लेखाचा विषय. इंग्रजीत याला 'हेअरलूम बर्थ सर्टिफिकेट' म्हणतात, काही राज्यांत 'कमेमोरेटिव्ह'. पिढ्यान्पिढ्या जपून ठेवावा असा, चित्रं-नक्षी असलेला मोठा दाखला. तो बाजारातल्या दुकानातून नाही, राज्याच्या जन्मनोंदणी कार्यालयातूनच येतो, आणि त्यावरची माहिती त्याच सरकारी नोंदीतून उतरवलेली असते. टेक्सासच्या कायद्यात तर त्याचं वर्णनच दिलं आहे: चर्मपत्रासारखा दिसणारा उत्तम प्रतीचा कागद, आकार निदान १० बाय १४ इंच, आणि नक्षी टेक्सासमधल्या चित्रकारांनी विनामूल्य दिलेली. अलास्कामध्येही तिथल्याच चित्रकारांची चित्रं वापरतात, आणि तिथे लग्नाचा दाखलासुद्धा असाच शोभिवंत मिळतो. वॉशिंग्टन राज्याच्या कायद्याने अशा दाखल्यावर राज्याची मुद्रा आणि गव्हर्नरची सही घेण्याची सोय केली.

सगळ्याच राज्यांत तो मिळतो असं नाही. किंमत, नक्षी, नियम राज्याराज्यात वेगळे. टेक्सासमध्ये साध्या प्रमाणित प्रतीला २२ डॉलर आणि शोभिवंत दाखल्याला ६० डॉलर असा दर आहे. दर बदलत असतात, तेव्हा पैसे भरायच्या दिवशी अर्जावरचाच आकडा धरा.

पैसे कुठे जातात

साध्या दाखल्याच्या जवळजवळ तिप्पट पैसे एका कागदाला का द्यायचे, असं आमच्या जावयाने विचारलं. रास्त प्रश्न होता.

मुलांना मारहाण, हेळसांड होऊन गेल्यावर धावाधाव करण्यापेक्षा ती होऊच नये म्हणून राज्यांनी वेगळा निधी बाजूला ठेवावा, ही कल्पना मिशिगनमधले बालरोगतज्ज्ञ रे हेल्फर यांनी मांडली. कॅन्सस राज्याने १९८० मध्ये असा पहिला निधी उभा केला. त्याला 'चिल्ड्रन्स ट्रस्ट फंड' म्हणतात. मग एकेक करत इतर राज्यांनी ते उचललं, आणि १९८४ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारनेही अशा निधींना जोड देणारा कायदा केला. हा निधी भरायचा कसा, तर लग्नाच्या परवान्यावर थोडी रक्कम, जन्मदाखल्याच्या शुल्कात थोडा वाटा, गाडीच्या खास नंबरप्लेटी, आणि शोभिवंत जन्मदाखले. म्हणजे एका घरी बाळ आलं, त्या आनंदातला वाटा दुसऱ्या घरच्या बाळाला. आपल्याकडे बारशाला घुगऱ्या वाटतात, त्यातलाच हा प्रकार.

या पैशातून चालणारी कामं साधी असतात, पण त्यांचा उपयोग मोठा. नव्या आईच्या घरी जाऊन तिला बाळाचं करायला शिकवणारी बाई. नव्या पालकांचे गट. रडणारं बाळ हातात असताना डोकं कसं शांत ठेवायचं याचं शिक्षण. बाळाचं रडणं साधारण दुसऱ्या महिन्यात सगळ्यात वाढतं, आणि रागाच्या भरात बाळाला गदागदा हलवलं तर त्याच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते. हे दहा मिनिटांत कुणी समजावून सांगितलं तरी एखादं बाळ वाचतं.

आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी जाते. तेल लावायला बाई येते, रात्री रडणारं बाळ आजी खांद्यावर घेऊन फिरवते, आणि आई दोन तास झोपते. इथे आईचा व्हिसा आला नाही तर ती मुलगी चौथ्या मजल्यावर एकटी असते, नवरा कामावर. मी अशा मुलींच्या घरी डबे घेऊन गेले आहे. दार उघडतानाच त्यांचे डोळे भरून येतात. आपल्या मुलींना निदान डबा आणणारं कुणीतरी असतं. ज्यांना तेही नाही त्यांच्या दारात हा निधी कुणाला तरी पाठवतो, म्हणून मला हे पैसे जड वाटत नाहीत.

पण नीट बघून घ्या, कारण प्रत्येक राज्यात पैसा एकाच ठिकाणी जात नाही. अलास्कात तो मुलांच्या ट्रस्टच्या कामी येतो. वॉशिंग्टनच्या कायद्यातही मुलांच्या निधीचीच तरतूद. टेक्सासच्या कायद्याप्रमाणे अर्धी रक्कम बालकांच्या लसीकरणाच्या खात्यात जाते आणि उरलेली अर्धी राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत. आयोवाच्या शोभिवंत दाखल्याचे पैसे आणीबाणीच्या वैद्यकीय सेवेच्या, म्हणजे ॲम्ब्युलन्ससारख्या कामांच्या निधीत जातात. तेही काम चांगलंच, पण ते खास मुलांचं नाही. उलट विस्कॉन्सिनमध्ये कुणी साधा दाखला मागवला तरी पहिल्या प्रतीच्या २० डॉलरमधले ७ डॉलर मुलांचा छळ रोखणाऱ्या मंडळाकडे जातात. तिथे शोभेचा कागद न घेताही आपण वाटा उचललेला असतो. आपल्या राज्याच्या अर्जावर किंवा माहितीपानावर ही ओळ शोधा. बहुतेक ठिकाणी ती दिलेली असते.

आता क्रमाने

सगळ्यात आधी नोंद तपासा. हे मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण आमच्याकडे इथेच घोडं अडलं.

हॉस्पिटलमधून सुटी व्हायच्या आत एक फॉर्म भरायला देतात. भाची रात्रभर जागी, जावई तिच्या उशाशी बसून फॉर्म भरतोय, आणि समोर फोनवर पुण्याहून आजोबा नावाचं अक्षर सांगताहेत. आपल्या घरी नाव ठरतं बाराव्या दिवशी. आत्या पाळण्यापाशी वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र करते, तेव्हा ते नाव पहिल्यांदा उच्चारलं जातं. भारतात नाव न घालता जन्माची नोंद करता येते आणि नाव मागाहून घालता येतं, पहिल्या वर्षात विनाशुल्क आणि त्यानंतर शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. म्हणून आपल्या कित्येक आजी-आजोबांच्या नोंदीत नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी' सापडतं. इथे मात्र नाव नसेल तर हॉस्पिटलमार्फत सोशल सिक्युरिटी नंबरचा अर्ज पुढे जात नाही. बारशापर्यंत थांबायचं असेल तर थांबता येतं, पण पुढची कागदपत्रं तेवढी लांबतात. बहुतेक घरं नाव आधीच ठरवून ठेवतात आणि बारशाला ते कानात सांगतात. त्यात काही वावगं नाही.

आमच्या नातीच्या नावात 'व्ही'च्या जागी 'डब्ल्यू' पडलं. फॉर्मवर जावयाचं अक्षर, टाइप करणाऱ्याची नजर, कुणाची चूक ते देव जाणे. छापील मसुदा सहीला आला तेव्हा आम्हीही नीट वाचला नाही. साध्या दाखल्यावर अक्षरं बारीक, तिथेही कुणाच्या लक्षात आलं नाही. शोभिवंत दाखला आला, मोठ्या वळणदार अक्षरात तिचं नाव समोर आलं, आणि भाचीने पहिल्याच नजरेत चूक पकडली. सुंदर कागद, कोपऱ्यात उठावदार मुद्रा, आणि मध्ये चुकलेलं नाव. नोंद दुरुस्त करायला वेगळा अर्ज, पुरावे, शुल्क, काही आठवड्यांची वाट, आणि मग दोन्ही प्रती नव्याने विकत. शोभिवंत दाखला नोंदीत असेल तेच छापतो. तुम्ही अर्जावर बरोबर लिहिलं म्हणून तो बरोबर येत नाही.

म्हणून हॉस्पिटलमध्ये सही करण्याआधी एकाने मोठ्याने अक्षर-अक्षर वाचावं आणि दुसऱ्याने आपल्या पासपोर्टशी ताडून बघावं. मराठी घरांत चुकतात त्या जागा अशा:

• मधलं नाव. आपल्या पद्धतीने वडिलांचं नाव मध्ये घालायचं की नाही ते दोघांनी आधीच ठरवा. पूर्ण नाव की नुसतं आद्याक्षर तेही ठरवा, कारण पुढे पासपोर्टवर तेच येणार.

• आईचं नाव. इथल्या नोंदीत आईचं लग्नाआधीचं नाव विचारतात. लग्नात जिचं पहिलं नावसुद्धा बदललं आहे तिने इथे फार जपावं. माहेरचं पूर्ण नाव लिहा, आणि ते तुमच्या शाळेच्या दाखल्याशी किंवा जुन्या पासपोर्टशी जुळतं ना ते बघा. घाईत सासरचं नाव लिहून मोकळ्या झालेल्या मुलींना ओसीआयच्या वेळी नावबदलाचे पुरावे गोळा करत बसावं लागलं आहे.

• आडनावाचं स्पेलिंग. वडिलांच्या पासपोर्टवर जसं आहे तसंच. 'आता तरी बरोबर स्पेलिंग करू' हा विचार या वेळी नको.

दाखल्यावर देवनागरी येत नाही, हेही सांगून ठेवते. पुष्कळ आजोबा विचारतात.

दुसरं काम साध्या प्रमाणित प्रतीचं. त्या दोन-तीन मागवून ठेवा. एक कुठेतरी पाठवलेली असते तेव्हाच दुसरी लागते. मागवताना पूर्ण तपशिलाची, म्हणजे लाँग फॉर्म प्रत मागा. काही ठिकाणी, विशेषतः स्थानिक कार्यालयांत, त्रोटक उतारा मिळतो. त्यावर आई-वडिलांची नावं किंवा नोंदीची तारीख नसते आणि पासपोर्टच्या खिडकीवरून तो परत येतो. सोळा वर्षांखालच्या मुलाच्या पासपोर्टसाठी शक्यतो आई-वडील दोघांनी हजर राहावं लागतं. मूळ दाखला आणि त्याची झेरॉक्स, दोन्ही द्यावी लागतात, आणि मूळ दाखला नंतर टपालाने परत येतो. ओसीआयसाठी आई-वडील दोघांची नावं असलेला दाखला हवा. भारतात कुठे दाखवायला अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात मान्य व्हावा म्हणून त्याला जोडलेलं प्रमाणपत्र, लागलं तर ते राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून साध्या प्रमाणित प्रतीवर करून घ्या. भारत अपॉस्टिलच्या करारात २००५ पासून आहे.

शोभिवंत दाखला या कामांना चालतो का? टेक्सासच्या कायद्याप्रमाणे त्याचं वजन प्रमाणित प्रतीइतकंच आहे. काही राज्यांत मात्र तो नुसता आठवणीसाठी असतो आणि त्यावर तसं छापलेलंही असतं. पण चालत असला तरी १० बाय १४ इंचांचा कागद घडी घालून लिफाफ्यात कोंबणार कोण? पासपोर्टला साधी प्रतच द्या. शोभिवंत घरी ठेवा.

तिसरं काम, राज्य कोणतं ते नक्की करणं. दाखला मिळतो तो बाळ ज्या राज्यात जन्मलं त्या राज्याकडून. तुम्ही आज कुठे राहता याचा संबंध नाही. बाळ डॅलसला झालं आणि नोकरीमुळे सिॲटलला गेलात तर अर्ज ऑस्टिनच्या कार्यालयाकडेच करायचा. न्यूयॉर्क शहराचं नोंदणी कार्यालय बाकीच्या न्यूयॉर्क राज्यापासून वेगळं आहे, तेही ध्यानात ठेवा. ज्या बाळाचा जन्म पुण्यात किंवा पणजीत झाला, त्याला इथल्या राज्याचा दाखला मिळणार नाही, मग शाळा इथली का असेना. उलट, मूल आता मोठं झालं असलं तरी हरकत नाही. नोंद आहे तोवर दहाव्या वाढदिवसालाही मागवता येतो. एका घरी मुलगा कॉलेजला निघाला तेव्हा मागवला होता.

मग कार्यालय शोधा. राज्याच्या आरोग्य खात्यात 'व्हायटल रेकॉर्ड्स' किंवा 'व्हायटल स्टॅटिस्टिक्स' नावाचा विभाग असतो. काउंटीच्या किंवा शहराच्या कार्यालयात साधी प्रत पटकन मिळते, पण शोभिवंत दाखला बहुधा राज्याच्या मुख्य कार्यालयातूनच निघतो. इंटरनेटवर शोधताना पत्त्याच्या शेवटी 'डॉट गव्ह' आहे ना ते बघा. सरकारी असल्यासारखी दिसणारी खाजगी पानं पुष्कळ आहेत. ती तुमचाच अर्ज पुढे सरकवतात आणि वर आपले पैसे लावतात. व्हायटलचेक ही कंपनी बऱ्याच राज्यांसाठी रीतसर ऑनलाइन मागण्या घेते, पण तिथेही सेवाशुल्क वेगळं लागतं. शिवाय शोभिवंत दाखला ऑनलाइन मिळतोच असं नाही, कित्येकदा तो कागदी अर्जावरच असतो. घाई नसेल तर सरळ टपालाने अर्ज करा, असं माझं मत. या कागदाला घाई कसली.

अर्ज कोण करू शकतं? जन्माच्या नोंदी कुणालाही बघायला खुल्या नसतात. टेक्सासमध्ये ७५ वर्षांपर्यंत त्या जवळच्या नातेवाइकांनाच मिळतात: स्वतः, आई-वडील, भावंडं, नवरा-बायको, मुलं, आजी-आजोबा, पालक. मी पडले मावशी, म्हणजे तिथल्या नियमात माझा नंबर लागत नाही. नातीला भेट द्यायची हौस मला होती. मी पाकिटात पैसे घातले आणि अर्ज भाचीने केला. मंडळातल्या मित्रांनी मिळून भेट द्यायची असेल तर हीच पद्धत. परस्पर अर्ज करायला जाऊ नका, तो परत येतो.

अर्ज भरणं फारसं कठीण नाही. बाळाचं नाव, जन्मतारीख, गाव आणि काउंटी, आई-वडिलांची नावं, तुमचं नातं, आणि फोटो असलेल्या ओळखपत्राची प्रत. ओळखपत्राची मुदत संपलेली नको. व्हिसाच्या मुदतीबरोबर ड्रायव्हिंग लायसन्सचीही मुदत संपते आणि आपल्या लोकांचा अर्ज नेमका तिथे अडकतो, म्हणून हे आधी बघा. टेक्सासला टपालाने अर्ज पाठवताना नोटरीसमोर सही करावी लागते. बऱ्याच बँकांत आपल्या खातेदारांना नोटरी फुकट मिळतो. एकाहून जास्त नक्षी असतील तर हवी त्या चौकटीत खूण करा. साध्या प्रतीची आणि शोभिवंत प्रतीची चौकट वेगळी असते, ती नीट वाचा. पैसे चेकने किंवा मनीऑर्डरने द्या, रोख कधीही पाठवू नका. पत्ता असा द्या की दोन-तीन महिने तरी तुम्ही तिथेच असाल. घर बदलणार असाल तर आधी घर बदला.

कागद घरी आल्यावर

हात धुऊन, कोरडे करून पाकीट उघडा. मुद्रा उठावदार असेल तर ती बोटाला लागते. आमच्या नातीने वर्षाची असताना तिच्यावर बोट फिरवलं होतं, आणि आम्ही सगळ्यांनी एकदम "अगं अगं" केलं.

पहिली गोष्ट, लॅमिनेट करू नका. दहावीची मार्कशीट आणली की आपण पहिली लॅमिनेशनवाल्याकडे नेतो, ती सवय इथे मोडावी लागते. गरम प्लास्टिकने मुद्रेचा उठाव दबतो, कागद पुढे कधी पिवळा पडला तरी सोडवता येत नाही, आणि लॅमिनेट केलेला दाखला खरा की खोटा हे तपासता येत नसल्याने कार्यालयं तो नाकारू शकतात. हेच साध्या प्रतीलाही लागू.

दुसरी गोष्ट हळदी-कुंकवाची. नवीन कागद आला की देवापुढे ठेवून कोपऱ्याला कुंकू लावायचा हात आपोआप पुढे होतो. भावना मला पूर्ण मान्य आहे, मीही तशीच वाढले. पण हळदीचा डाग जन्मात जात नाही, आणि सरकारी कागदावर डाग म्हणजे खाडाखोडीचा संशय. कागद पारदर्शक पाकिटात घाला आणि कुंकू पाकिटाला लावा. आम्ही तसंच केलं.

फ्रेम करताना १० बाय १४ ची तयार चौकट सहज मिळत नाही. त्याहून मोठी चौकट घ्या आणि आत कागदाच्या मापाचा माउंट, म्हणजे कागदाभोवती बसणारी पुठ्ठ्याची पट्टी, कापून घ्या. माउंट आम्लविरहित हवा, नाहीतर काही वर्षांत कडेने तपकिरी रेघ उमटते. काच कागदाला टेकू देऊ नका. कागदाला मागून चिकटपट्टी किंवा डिंक लावू नका, कोपरे पकडणारे कागदी खिसे मिळतात ते वापरा. उन्हाची भिंत टाळा, टेक्सासचं ऊन दोन उन्हाळ्यांत रंग उडवतं. आणि दाखल्यावर काही लिहू नका. मागच्या बाजूलाही नको. बारशाची तिथी, पत्रिकेचं नक्षत्र, आजोबांचा आशीर्वाद हे सगळं वेगळ्या कागदावर लिहून फ्रेमच्या मागे लिफाफा चिकटवून त्यात ठेवा. आमच्या लिफाफ्यात पाचवीचा तो कोरा कागदही आहे.

फ्रेम टांगायची कुठे, यावर माझं ठाम मत आहे: दिवाणखान्यात नको. या एका कागदावर बाळाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मस्थान आणि आईचं माहेरचं नाव असतं. बँकेत फोन केला की ओळख पटवायला बहुतेक हेच विचारतात. लहान मुलांच्या नावाने खोटी खाती उघडली जातात आणि अठरा वर्षं कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून बाळाच्या किंवा आई-बाबांच्या खोलीत टांगा. फोटो काढून कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचा मोह आवरा, कारण तो गट चुलतमामांपासून सोसायटीच्या गटापर्यंत कधी पोचेल सांगता येत नाही. आजी-आजोबांना दाखवायचाच असेल तर व्हिडिओ कॉलवर दाखवा. आमच्या पुण्याच्या आजोबांनी चष्मा लावून पुन्हा एकदा अक्षर-अक्षर वाचून घेतलं, या वेळी 'व्ही' जागेवर आहे ना ते.

देणगी म्हणून बघत असाल तर

दाखल्याचे पैसे म्हणजे सगळे दान, असं धरू नका. त्यातून छपाई, टपाल, कार्यालयाचा खर्च निघतो आणि बदल्यात तुम्हाला वस्तूही मिळते, म्हणून पूर्ण रक्कम करसवलतीत दाखवता येईल असं गृहीत धरू नका. तुम्हाला मुख्यतः मुलांसाठी पैसे द्यायचे असतील आणि भिंतीवर काही नको असेल, तर राज्याच्या चिल्ड्रन्स ट्रस्ट फंडाचं पान शोधा आणि देणगी घेतात का ते विचारा. बऱ्याच ठिकाणी घेतात. जिथे शोभिवंत दाखला मिळतच नाही त्या राज्यांतल्या घरांनीही हाच रस्ता धरावा. साधी प्रमाणित प्रत घ्या, पावलांच्या ठशांचा कागद फ्रेम करा, आणि बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला त्याच्या नावाने चेक पाठवा. एप्रिल महिना इथे बालछळ-प्रतिबंधाचा म्हणून पाळतात. तेव्हा सरकारी इमारतींच्या हिरवळीवर निळ्या भिंगऱ्या लावलेल्या दिसतात. भिंगरी बघून मूल विचारेल तेव्हा त्याला सांगता येईल की त्यात तुझाही वाटा आहे.

मंडळात यंदा कुणाकडे बाळ येणार असेल तर डोहाळजेवणालाच त्यांना एवढं सांगून ठेवा: हॉस्पिटलमधला फॉर्म दोघांनी मिळून वाचायचा, साध्या प्रती आधी, शोभिवंत नंतर. बॅगेत दुपटी भरताना दोघांच्या पासपोर्टच्या झेरॉक्स आणि ठरवलेल्या नावाचं मोठ्या अक्षरातलं स्पेलिंगही टाका.